पाकीट परत ठेवून जाणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही परत ठेवलेलं पैशांचं पाकीट मिळालं. पॅकिंग शेडमधल्या रिकाम्या क्रेटात, वर्तमानपत्राच्या घडीखाली, न उघडलेलं. कोणी ठेवलं ते शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. कॅमेरा ३, सकाळी ६ वाजून १२ मिनिटं, काखेत छत्री. कॅमेरा कुठे बघतो हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी तोंड फिरवलं नाहीत, उलट वर बघून हात केलात.

आमच्या आंब्याच्या बागेत कॅमेरे बसवून दिलेत, त्याचे पैसे घेत नाही म्हणता. आंब्याची पेटी पाठवली तर "माझ्या दारात कलमं नाहीत काय?" म्हणून परत धाडता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, म्हणजे परत करायची सोय राहणार नाही. नाव घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

दिवाळीनंतर मी तालुक्याला जाऊन कोटेशन आणलं होतं. १६ कॅमेरे, सगळे ८ मेगापिक्सेलचे, आणि 'एआय' हा शब्द चार ठिकाणी. आगाऊ रक्कम खिशात होती, फक्त जाता जाता तुम्हाला दाखवावं म्हणून पडवीत टेकलो. तुम्ही चष्मा पुसून कागद दोनदा वाचलात आणि म्हणालात, "वायर कुठली ते लिहिलेलं नाही यात." मला वाटलं, दूरसंचार खात्यातनं निवृत्त झालेला माणूस, वायरीचंच बोलणार. एवढ्या कॅमेऱ्यांत वायरीचं काय घेऊन बसलाय!

मग तुम्ही सांगितलंत, अमावास्येला ये.

त्या रात्रीची आठवण आली की मला अजून हसू येतं. तुम्ही कोणाकडून तरी एक कॅमेरा मागून आणला होता आणि आंबे काढायच्या घळीच्या काठीला सुतळीने बांधला होता. माझा पुतण्या काठी धरून शेडच्या कोपऱ्यात उभा, तुम्ही लॅपटॉप घेऊन उलट्या क्रेटवर बसलेले, आणि मी फाटकापासून एकेक पाऊल मोजत पुढे येतोय. तुम्ही ओरडताय, "माणूस आहे. पुढे ये. लुंगी आहे. अजून ये. हां, नाक दिसलं, डोळे नाहीत." तुम्हाला 'माझे' डोळे दिसले तेव्हा मी जवळजवळ तुमच्या मांडीवर येऊन ठेपलो होतो. चांदण्यात कुठलाही कॅमेरा चांगलाच दिसतो, म्हणून अमावास्या, हे तुम्ही नंतर सांगितलंत.

त्यानंतर वही निघाली. नुसतं कोणीतरी आलंय एवढं कळायला चित्रात एका मीटरमागे २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी चेहरा खात्रीने पटवायचा तर २५०. हे तुमचे आकडे नव्हेत, आयईसी ६२६७६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौथ्या भागाच्या २०१४ च्या आवृत्तीतले, हे मला पुढे कळलं. ४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल, तिला २५० ने भागलं की १० मीटर. म्हणजे चित्रात १० मीटरपेक्षा जास्त रुंद जागा मावली की चेहरा हातचा गेला. कोटेशनमधली २.८ मिमीची लेन्स १०० अंशांच्या आसपास बघते, तिच्यात अवघ्या ४ मीटरवर तेवढी रुंदी भरते. ६ मिमीची लेन्स साधारण निम्मंच बघते, पण तोच चेहरा १० मीटरपर्यंत पकडते. त्या एका पानावर १६ चे ६ कॅमेरे झाले. फाटकाला आणि शेडच्या दाराला ६ मिमी, अंगणात आणि क्रेट रचतो तिथे २.८.

मी तरी हट्ट धरला, की ६ घेतोय तर ८ मेगापिक्सेलचेच घेऊ. तुम्ही काकूंना हाक मारून ताटलीत घावणे मागवलेत. एकाचे चार तुकडे केलेत, दुसऱ्याचे आठ. "सेन्सर तेवढाच. वाटे दुप्पट केलेस तर प्रत्येकाच्या वाट्याला उजेड निम्मा. दिवसा चालेल. चोर दिवसा येतो काय?" घावणे दोन्ही मीच खाल्ले, पण गोष्ट पटली. पिक्सेलवर वाचलेले पैसे मोठा सेन्सर आणि जास्त उजेड घेणारी लेन्स यांवर घालायला लावलेत.

वायरीचं मला खरोखर कळलं ते मार्चमध्ये. तुम्ही दुकानात बंडलाचं टोक मागून दाढीच्या पात्याने खरवडलं होतंत. वरून तांबूस, आत चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शेजारच्या बागेत तीच वायर टाकली होती आणि तिथला लांबचा कॅमेरा रोज तिन्हीसांजेला बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. दिवसभर ठीक. लोक भुताखेतांपर्यंत पोचले होते. तुम्ही जाऊन सांगितलंत, की अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, दिवे लागतात, करंट वाढतो, ॲल्युमिनियमचा रोध जास्त, म्हणून टोकाला पोचेपर्यंत व्होल्टेज खाली येतं. आमच्याकडे पूर्ण तांब्याची कॅट ६ जातीची नेटवर्क वायर आहे. भूत आलेलं नाही.

पीओई स्विचचंही तसंच, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या डब्याचं. एका पोर्टला १५.४ वॅट छापलेलं बघून मी आठने गुणलं आणि १२३ वॅट मिळणार म्हणून खूश झालो. तुम्ही स्विच उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचायला लावलंत: एकूण ६०. आपल्या ६ कॅमेऱ्यांना रात्रीचे ४० च्या आत लागतात, म्हणून तो चालला. पण १६ घेतले असते तर?

आणि वीज. घरापासून शेड १८० मीटर. नेटवर्कची तांब्याची वायर १०० मीटरच्या पुढे नेऊ नये हे मी वाचलं होतं, मध्ये एक स्विच टाकू म्हटलं. तुम्ही मानच हलवलीत. उभी नोकरी तुम्ही खांबावरच्या तारा नि वळवाच्या पावसात जळालेली कार्डं बघण्यात काढलीत. "दोन इमारतींमध्ये तांबं ओढायचं नाही. काचेतनं वीज जात नाही." म्हणून फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची केबल. त्या केबलच्या कडेला ताणासाठी पोलादी तार असते, ती तुम्ही दोन्ही टोकांना हातभर मागे कापून टाकलीत. मी म्हटलं, एवढीशी तार काय करणार? तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही म्हणून दोन माणसं लावून खड्डा खणायला लावलात, मीठ-कोळसा भरायला लावलात. त्या दिवशी मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. मे महिन्यातल्या त्या रात्री वरच्या वाडीतल्या माडावर वीज पडली. आमच्या घरातला टीव्ही गेला. शेडमधलं सगळं चालू होतं.

हार्ड डिस्कचा हिशेब तर तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलात, शाळेतल्यासारखा. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो, म्हणजे अर्धा मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. एका कॅमेऱ्याचे रोजचे ४३ जीबी, सहांचे २५९. महिन्याचे ७.८ टीबी! मी घाबरलो. मग एच.२६५ ही चित्र जास्त दाबून साठवायची पद्धत लावून २ मेगाबिटांवर आणलं, तर महिन्याला ३.९. मी लगेच ४ टीबीची डिस्क मागायला निघालो. तुम्ही म्हणालात, पावसात नि अंधारात चित्र खवखवतं, तेव्हा कॅमेरा जास्त बिट मागतो. ६ टीबीची घे, आणि संगणकातली नको, दिवसरात्र लिहिण्यासाठी केलेली घे. घेतली. आता साधारण दीड महिना मागे जाता येतं.

सॉफ्टवेअरवर मात्र आपण भांडलो. मला सगळं एकाच डब्यात हवं होतं. तुमचं म्हणणं, लिहिणारा वेगळा असावा, शहाणा वेगळा. साध्या एनव्हीआरने, म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरने, २४ तास मुकाट्याने रेकॉर्ड करायचं, आणि बाजूला एन१०० प्रोसेसरच्या छोट्या पीसीवर 'फ्रिगेट' हे मुक्त सॉफ्टवेअर बसवून त्याने माणूस आला की मोबाइलवर सांगायचं. शहाणा अडखळला तरी लिहिणारा लिहीतच राहील. फ्रिगेट कॅमेऱ्याचं लहान चित्र सेकंदाला पाचदा बघतं, मोठं चित्र एनव्हीआरकडे जातं. कॅमेरे घेताना तुमची एकच अट होती, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेल्या ऑनव्हिफ मानकाचा प्रोफाइल टी हवा, म्हणजे उद्या कंपनी बदलली तरी अडत नाही. दुकानातच लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडून कॅमेऱ्याच्या थेट चित्राचा (आरटीएसपी) पत्ता घातलात आणि चित्र दिसल्यावरच पैसे काढू दिलेत.

वानरांचं लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. आमच्याकडच्या जुन्या रेकॉर्डरला, डीव्हीआरला, नुसती हालचाल कळायची. वानर उतरले की रात्रभर फोन वाजायचा, माडाची झावळी हलली तरी वाजायचा. शेवटी मी फोन गप्प करून झोपायला लागलो होतो. फ्रिगेटला वानर शिकवू म्हणून आपण त्याची यादी उघडली. हे सॉफ्टवेअर सुरुवातीला ज्या चित्रसंचावर शिकलेलं असतं त्यात ८० गोष्टी आहेत. गाय आहे, मेंढी आहे, हत्ती, अस्वल, झेब्रा, जिराफ. वानर नाही! तुम्ही एवढे हसलात की काकू बाहेर आल्या. "आपल्या बागेत जिराफ शिरला तर लगेच कळेल हो!" शेवटी यादीत माणूस तेवढा ठेवला. एखादं थोराड वानर अजूनही रात्री दोनला 'माणूस' म्हणून येतं. मी उठून बघतो आणि पुन्हा झोपतो.

पासवर्डच्या बाबतीत तुम्ही मला भीती घातलीत ती बरंच केलंत. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने असेच कारखान्यातल्या पासवर्डवर सोडलेले कॅमेरे नि डीव्हीआर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठ्या साइट पाडल्या होत्या. आमच्या कॅमेऱ्यांना इंटरनेट दिसतच नाही, मी मुंबईत असलो तरी टेलस्केल या खाजगी जोडणीच्या सॉफ्टवेअरमधून आत येतो. कॅमेऱ्यांना ९ एप्रिल २०२५ पासून जी सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, तिचा कागदही तुम्ही दुकानातून मागून घेतलात.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला आजवर बोललो नाही. पाचवा कॅमेरा मला नेपाळी रखवालदारांच्या खोपीकडे लावायचा होता. कोण कधी येतो-जातो ते कळेल म्हणून. तुम्ही शिडीवर होतात, हातात स्क्रूड्रायव्हर. खाली न बघता म्हणालात, "तिकडे त्यांची न्हाणी आहे." आणि कॅमेरा वळवून क्रेटच्या थप्पीवर रोखलात. विषय संपला. मला त्या वेळी राग आला होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात १२ क्रेट कमी भरले. घरात सगळ्यांचं बोट त्याच खोपीकडे. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, मनात नाव धरून बसलो होतो. तुम्ही वळवलेल्या त्याच पाचव्या कॅमेऱ्यात सगळं सापडलं. पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी माझा पुतण्या, हा घळीची काठी धरणारा, कानाला फोन लावून, वाशीला जायचे १२ क्रेट पुण्याच्या टेम्पोत चढवतोय. टेम्पोवाल्याच्या चलनावर ५ वाजताची वेळ होती, ती जुळली. जुन्या डीव्हीआरचं घड्याळ पाऊण तास मागे असायचं, त्यावर कोणी विश्वास ठेवला असता? तुम्ही एनव्हीआरला घरच्या राउटरवरून वेळ घ्यायला लावून सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एक केली होतीत, पोलिसांत द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र करताना वेळेवरून कोणी अडवू नये म्हणून. पोलिसांत जायची वेळ आलीच नाही. पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन केला, त्याने १२ क्रेट जास्तीचे आल्याचं कबूल केलं. ज्या माणसाचं नाव मी मनात धरलं होतं, त्याला हे काहीच माहीत नाही. त्याच दिवशी तो मला चहा घेऊन आला.

आता कामाचं. फाटकाच्या कॅमेऱ्यासमोर कोळ्याने पुन्हा जाळं विणलंय, रात्री चित्र दुधासारखं पांढरं दिसतं. तुम्ही शेडच्या कॅमेऱ्यांचे दिवे बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा दोन मीटर लांब वळचणीला लावला होता. किडे त्या दिव्याकडे जातात आणि कोळी किड्यांमागे, त्यामुळे तिथे त्रास नाही. फाटकाला तेवढं करायचं राहून गेलं. दिवा मी आणून ठेवलाय, वायर तांब्याचीच आहे, खरवडून बघितली. गुरुवारी सकाळी या. शिडी मी धरतो. येताना काकूंनाही आणा, आमच्याकडे घावणे आहेत.

तुमचा,
वरच्या बागेतला