सार्वमताचे नियम मतदानाआधी ठरावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकातला सार्वमतावरचा लेख वाचला. प्रांताने वेगळे व्हायचे की नाही ते मतदानाने ठरवावे, निकाल लागला की वाद मिटतो, असा त्याचा सूर आहे. तो मला मुळीच पटला नाही.

स्कॉटलंडचेच पाहा. १८ सप्टेंबर २०१४ रोजी तिथल्या ५५ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. म्हणजे देश फुटला नाही. तरीही ब्रिटनचे राजकारण मुळापासून हलले. दुसऱ्याच दिवशी सकाळी पंतप्रधान कॅमेरून यांनी इंग्लंडपुरत्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांना अधिकार हवा, हा मुद्दा पुढे आणला. ‘नाही’चा प्रचार करून जिंकलेल्या मजूर पक्षाच्या स्कॉटलंडमध्ये २०१० साली ४१ जागा होत्या, २०१५ च्या निवडणुकीत एकच उरली. ५९ पैकी ५६ जागा सार्वमत हरलेल्या स्कॉटिश नॅशनल पक्षाने नेल्या! पुढल्या वर्षी ब्रेक्झिटच्या मतदानात स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला, तरी त्याला बाहेर पडावेच लागले, आणि मिटलेला प्रश्न पुन्हा उभा राहिला.

स्पेनमधल्या कॅटालोनिया प्रांतात तर १ ऑक्टोबर २०१७ चे मतदान घटना न्यायालयाने स्थगित केले असताना झाले. ‘हो’ ९० टक्के, पण मतदान जेमतेम ४३ टक्के, कारण विरोधातले बहुतेक लोक फिरकलेच नाहीत. मतदान केंद्रांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, प्रांतिक सरकार बरखास्त झाले, काही नेते तुरुंगात गेले, काही देशाबाहेर. त्याची झळ साऱ्या स्पेनला लागली. व्हॉक्स हा कडवा उजवा पक्ष २०१९ च्या नोव्हेंबरात ५२ जागांवर पोहोचला आणि २०२३ मध्ये पंतप्रधान सांचेझ यांना सरकार टिकवायला वेगळे होऊ पाहणाऱ्या त्याच कॅटलान पक्षांशी माफीचा कायदा कबूल करावा लागला.

याबाबतीत कॅनडाने शहाणपण दाखवले. १९९५ मध्ये क्विबेकात ‘नाही’ला ५०.५८ टक्के मते पडली, देश थोडक्यात वाचला. मग २००० साली त्यांनी कायदाच केला: प्रश्न स्पष्ट हवा, बहुमतही स्पष्ट हवे. सर्बियापासून वेगळ्या झालेल्या माँटेनेग्रोत २००६ साली ५५ टक्क्यांची अट आधीच घातलेली होती. ‘हो’ला साडेपंचावन्न मिळाले, आणि अट आधी ठरलेली असल्यामुळेच तो निकाल टिकला, असे मला वाटते.

आम्हा बडोदेकरांना सीमा बदलणे नवे नाही. १ मे १९४९ ला गायकवाडांचे राज्य मुंबई प्रांतात गेले, बरोबर अकरा वर्षांनी १ मे १९६० ला गुजरात झाला. द्विभाषिक राज्यात बहुसंख्य असलेले आम्ही मराठी एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झालो. माझे थोरले काका महाराष्ट्राच्या नोकरीत गेले, वडील दांडिया बाजारातच राहिले. एका घराच्या दोन राज्यांत दोन चुली झाल्या, आणि आजी गेली तेव्हा काका वेळेवर पोहोचू शकले नाहीत. तरी आमचे नागरिकत्व बदलले नव्हते. जिथे तेही बदलते, तिथल्या माणसांचे पेन्शन, मुलांच्या शाळेची भाषा, देशाच्या कर्जातला वाटा हे सगळे मतदानाआधीच लेखी ठरायला हवे. निकालानंतर ते जिंकलेल्यांच्या मर्जीवर उरते.

आपल्या लेखात ‘हो’ म्हणणारे होते, राजधानीतले सत्ताधारी होते. त्याच प्रांतात ‘नाही’ म्हणून मागे राहिलेल्यांवर एक ओळही नव्हती. त्यांच्याविषयी एक स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती.

आपला एक जुना वाचक,
दांडिया बाजार, बडोदे