पाइपचा गॅस वर चढतो
संपादक साहेब,
आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला, त्यातच काहींनी किचनचं रिनोव्हेशन काढलं आणि छताजवळची जाळी पीओपीमागे बुजवून टाकली, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो, पण पाइपमधला मुख्यतः मिथेन, तो हलका, सरळ छताकडे जातो, मग ती जाळीच त्याची बाहेर जायची वाट ना! मिथेनला स्वतःचा वास नसतो, आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. वास आला तर लाइट, एक्झॉस्ट कशाचंच बटण दाबू नका, चालू असेल तर बंदही नको. व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, फोन बाहेर जाऊनच.
– एक गृहिणी, ठाणे