वर्गात नाव घालण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या माणसांसाठीच्या वर्गांच्या जाहिराती पेपरात यायला लागल्या की माझ्याकडे विचारणा सुरू होते, कारण मी बरीच वर्षं अशाच संध्याकाळच्या वर्गांची व्यवस्था बघते आणि अधूनमधून शिकवतेही. भाषा, कॉम्प्युटर, शिवण, चित्रकला, मातीकाम, एखादं वाद्य, विषय कुठलाही असो, विचारणारा माणूस बहुतेक दोनच गोष्टी विचारतो, फी किती आणि सर्टिफिकेट मिळणार का. पण ज्या गोष्टींमुळे लोक तीनचार आठवड्यांनी यायचे बंद होतात त्या कुणी विचारत नाही, वर्ग घेणारेही आपणहून सांगत नाहीत, आणि मग तो माणूस घरी बसून म्हणतो की जाऊ दे, आता आपल्या डोक्यात काही शिरत नाही, वय झालं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी पत्र लिहायला घेतलं.

वयाचं आधी बाजूला ठेवूया. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोठ्या माणसांवर प्रयोग करून १९२८ सालीच मांडलं होतं की शिकायची ताकद तरुणपणानंतर संपत नाही, जी काही घट होते ती फार हळू होते. वेग थोडा कमी होतो हे मान्य, पण मोठा माणूस रिकाम्या डोक्याने येत नाही ना. ज्याने आयुष्यभर हिशेब ठेवलेत त्याला स्प्रेडशीटमधली बेरीज-वजाबाकी समजावून सांगावी लागत नाही, त्याचं अडतं ते माऊसवर. हे मी फार जवळून बघितलंय. फोल्डर उघडायला डबल क्लिक करायचं असतं, हाताला सवय नसल्यामुळे दोन क्लिकच्या मध्ये जरा जास्त वेळ जातो, मग फोल्डर उघडतच नाही, उलट त्याचं नाव निळं होऊन बदलायला तयार होतं, आणि अशात एखादं बटण चुकून दाबलं गेलं की नावच गायब. समोरच्याला वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. तो हात मागे घेतो आणि उरलेला तास नुसता वहीत लिहीत बसतो. खरं तर माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण शिकवणाऱ्याला माहीतच नसतं की मागच्या रांगेत कुणाचा हात अडलाय, कारण कुणी बोललेलंच नसतं.

म्हणून पहिली गोष्ट ही की अशा वर्गात तुम्हाला बोलावं लागणार. शाळेत गप्प बसणारं पोर चांगलं समजलं जायचं, इथे गप्प बसलात तर तुमचंच नुकसान. शिकवणारी व्यक्ती पुष्कळदा त्या कामातली तरबेज असते, पण शिकवायचं ट्रेनिंग घेतलेलं असेलच असं नाही. स्वतःच्या हाताला जे आपोआप जमतं ते दुसऱ्याला तोडून सांगणं अवघड असतं, ते मधल्या दोन पायऱ्या गाळून पुढे जातात आणि विचारतात समजलं का, आणि सगळे माना डोलावतात. तिथे "परत एकदा हळू दाखवा" म्हणणारा एक जरी निघाला तरी अख्ख्या वर्गाचं भलं होतं, मी तर म्हणेन पहिल्याच दिवशी म्हणून टाका.

पहिल्या दिवसाचंही सांगते. ओळखी होतात, कुणाला काय शिकायचंय, का शिकायचंय हे विचारलं जातं, त्यात बराच वेळ जातो आणि काहीजण कुरकुरतात की आज काही शिकवलंच नाही. पण तो वेळ फुकट गेलेला नसतो. सिरिल हूल नावाच्या अभ्यासकाने १९६१ मध्ये सतत काही ना काही शिकत राहणाऱ्या मोठ्या माणसांच्या मुलाखतींवरून तीन तऱ्हा सांगितल्या होत्या, काहींना शिकून एखादं काम साधायचं असतं, काहींना चार माणसांत यायचं असतं आणि काहींना शिकण्याचीच गोडी असते. एकाच वर्गात हे तिन्ही असतात. ज्याला प्रमोशनसाठी इंग्रजी हवंय आणि जिला मुलं परगावी गेल्यावर संध्याकाळ खायला उठते म्हणून यायचंय, ते दोघं एकाच बाकावर बसतात, दोघांचंही कारण तितकंच खरं आहे, आणि शिकवणाऱ्याला ते पहिल्या दिवशी कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. तेव्हा लाजू नका, जे आहे ते सांगा.

लेव्हलचंही तसंच. जाहिरातीत "नवशिक्यांसाठी" लिहिलेलं असतं, पण वर्गात बसल्यावर दिसतं की एकाला सगळंच नवीन आहे, एकाचं पूर्वी थोडं शिकून झालंय, आणि तिसरा सरळ सगळी उत्तरं देतोय. हे होणारच, चाळणी परीक्षा नसते आणि लोक स्वतःच ठरवतात आपण कुठे बसतो ते. शिकवणारा मधल्यांचा वेग धरतो. पहिल्या दोनतीन वेळेला जे पुढे आहेत त्यांच्याकडे बघून स्वतःचं माप काढू नका, बघायचंच तर मागच्या आठवड्यात आपल्याला काय येत नव्हतं ते बघा.

आता परीक्षेचं. बहुतेक ठिकाणी परीक्षा नसते आणि लोकांना ती मोठी सोय वाटते, आहेच ती. डेन्मार्कमध्ये १८४४ साली ग्रुंडविग नावाच्या तिथल्याच एका विचारवंताच्या कल्पनेतून मोठ्यांसाठीची पहिली लोकशाळा निघाली, त्या परंपरेत परीक्षा आणि मार्क मुद्दामच बाजूला ठेवले होते, माणसाने बोलून, ऐकून, एकमेकांत राहून शिकावं म्हणून. स्वीडनमध्ये १९०२ च्या सुमाराला अभ्यासमंडळं सुरू झाली, त्यात तर गुरुजीच नाहीत, मंडळी एकत्र बसून वाचणार आणि चर्चा करणार. मला हे सगळं फार आवडतं. पण परीक्षा नाही याचा दुसरा अर्थ असा की तुम्ही कुठवर आलात हे कुणी आपणहून सांगणार नाही. मार्कांची सवय असलेला माणूस आठवडेच्या आठवडे अंधारात राहतो, आपलं बरं चाललंय की नाही हेच कळत नाही, आणि हळूहळू धीर सुटतो. अशा वेळी वर्ग संपल्यावर दोन मिनिटं थांबून विचारायचं, माझं कुठे चुकतंय, पुढच्या वेळेपर्यंत मी नक्की काय करून येऊ. मला आजवर एकही शिकवणारा भेटला नाही ज्याला हा प्रश्न आवडला नाही.

सरावाशिवाय मात्र काही नाही, इथे मी कुणाला गोड बोलून फसवणार नाही. आठवड्याला दोन तास, असे दहा आठवडे म्हणजे वीस तास झाले. इंग्रजी शून्यापासून रोजचं साधं बोलणं-वाचणं जमेल अशा ए-टू पातळीपर्यंत यायला केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज साधारण १८० ते २०० तास मार्गदर्शनाखाली शिकण्याचा आहे. वीस आणि दोनशे. आणि जाहिरातीत काय लिहितात, महिनाभरात अस्खलित बोला. हा सरळसरळ अन्याय आहे, कारण महिनाभराने न बोलता आलेला माणूस जाहिरातीला दोष देत नाही, स्वतःला देतो. वीस तासांत खूप काही होतं हो, भीती जाते, चारदोन वाक्यं तोंडात बसतात, पुढे एकट्याने कसं शिकायचं त्याची वाट सापडते. तेवढंच कबूल करा ना.

दोन वर्गांच्या मधल्या सात दिवसांत विसरायला होतं त्यालाही लोक घाबरतात. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत सगळ्यात झपाट्याने निसटतं आणि नंतर निसटण्याचा वेग मंदावतो. म्हणजे वर्गातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काही आठवलं नाही तर तो डोक्याचा दोष नाही, सगळ्यांचंच तसं आहे. उपाय साधा आहे, वही उघडण्याआधी आठवून बघायचं काल काय झालं, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायचं आणि मग वहीशी ताडून बघायचं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा असं आठवून बघणाऱ्यांच्या लक्षात आठवड्याने जास्त राहिलं होतं. रोज दहापंधरा मिनिटं पुरतात, रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

काही विषयांत तर थांबणं त्या कामातच असतं. मातीकामाला येणाऱ्यांना वाटतं पहिल्या दिवशी भांडं बनवून घरी न्यायचं. पण भांडं आधी पूर्ण सुकावं लागतं, आत ओल राहिली तर भट्टीत त्या पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं, मग पहिली भाजणी साधारण हजार अंश सेल्सियसच्या आसपास, त्यानंतर चकाकीचा लेप देऊन पुन्हा भट्टी. त्यात भट्टी एकट्या भांड्यासाठी लावत नाहीत, सगळ्यांची भांडी जमेपर्यंत थांबतात. हातात पहिली वस्तू यायला कितीतरी आठवडे जातात. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर लोक आनंदाने थांबतात, सांगितलं नाही तर आपल्याला जमत नाही म्हणून निघून जातात.

आणि ते चौथ्या आठवड्याचं. सुरुवातीचं नवं नवं संपलेलं असतं, अवघड भाग सुरू झालेला असतो, आणि नेमकं तेव्हाच घरात कुणीतरी आजारी पडतं नाहीतर ऑफिसात काम वाढतं आणि एक वर्ग बुडतो. एक बुडाला की पुढच्या वेळी जायला संकोच वाटतो, सगळे पुढे गेले असतील, सर काय म्हणतील. मग दुसरा बुडतो आणि संपलंच. माझ्या बघण्यात तरी विषय अवघड म्हणून सोडणाऱ्यांपेक्षा या संकोचापायी सोडणारे कितीतरी जास्त आहेत. मोठ्या माणसाचा एखादा वर्ग बुडणार हे धरूनच चाला, शेजारी बसणाऱ्याचा नंबर पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा, आणि बुडाला तरी पुढच्या वेळी जाऊन बसा, काही कळलं नाही तरी बसा. वर्ग चालवणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे की न आलेल्या माणसाला एक फोन करा, "आलात नाहीत, सगळं ठीक ना" एवढंच विचारायचं. त्या एका फोनने परत आलेली माणसं मी बघितलीत.

बाकी किरकोळ पण पैशाच्या गोष्टी आधी विचारून घ्या. साहित्य फीमध्ये धरलंय की वेगळं, पुरेशी नावं आली नाहीत तर बॅच रद्द होते का आणि पैसे परत मिळतात का, आणि सर्टिफिकेट नुसतं हजेरीचं आहे की नोकरीच्या ठिकाणी कुणी मानेल असं आहे, हे तर लेखीच घ्या. जागाही बघून या. वर्ग पुष्कळदा लहान मुलांच्या शाळेत भरतात, बाकं बुटकी असतात, खोली घुमते, चाळिशीनंतर फळ्यावरून वहीवर नजर आणताना चष्म्याची पंचाईत होते. ऐकायला कमी येत असेल तर पुढे बसतो म्हणून सांगा, त्यात कमीपणा कसला.

संपादक साहेब, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. अशा वर्गांच्या जाहिराती तुम्ही छापताच, तर जाहिरात देणाऱ्यांकडून चार ओळी जास्तीच्या मागून घ्या, एकूण तास किती, घरी सराव किती लागेल, शेवटी माणसाला काय करता येईल आणि काय येणार नाही, आणि वर्ग बुडाला तर भरून कसा काढतात. जो हे लिहून द्यायला तयार नाही त्याची जाहिरात वाचणाऱ्यालाही मग त्यावरून समजेल काय समजायचं ते. आमच्या वर्गांच्या पत्रकावर या चार ओळी आम्ही टाकायला लागलोय, नावं थोडी कमी येतात पण आलेली माणसं टिकतात.

आपली,
वर्गांची व्यवस्था बघणारी एक वाचक