मनोऱ्याचे फोटो पुरे, व्हरांड्याकडे बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या ब्रिटिशकालीन कॉलेजांच्या इमारतींवर गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. डेक्कन कॉलेजचा मनोरा, टोकदार कमानी, उंच उतरते छप्पर यांचे त्यात मनापासून कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. व्हरांड्याची बोळवण मात्र ‘प्रशस्त’ या एका विशेषणावर झाली. बांधकाम खात्यात आरेखक म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे असेल, पण हे मला खटकले. त्या इमारतीत खरी अक्कल कुठे असेल तर ती व्हरांड्यात आहे.

या इमारतीची टोकदार कमानींची गॉथिक शैली मुळात युरोपातल्या ढगाळ, थंड मुलखातली. तिथे ऊन दुर्मीळ, म्हणून भिंती कोरून मोठाल्या कमानदार खिडक्या करायच्या आणि मिळेल तेवढा उजेड आत घ्यायचा. पुण्यात नेमकी उलटी अडचण. मे महिन्याच्या मध्यावर इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि दुपार कलली की पश्चिमेचे ऊन थेट भिंतीवर येते. अशा ठिकाणी इंग्लंडातली इमारत जशीच्या तशी उभी केली असती, तर वर्गांची भट्टी झाली असती. कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरने कमानी खिडक्यांना न लावता भिंतीच्या पुढे आणून उभ्या केल्या. बाहेर कमानींची ओळ, मग सावलीचा पट्टा आणि त्याच्या मागे खरी भिंत, खरी खिडकी. सावलीतली काळ्या दगडाची जाड भिंत दिवसभर तापत नाही आणि उंच छताखालची खोली निवांत राहते. आपल्या कोकणातल्या घराची पडवी हेच करते, फक्त तिला कोणी गॉथिक म्हणत नाही.

हाच विल्किन्स पुण्याच्या ससून हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीचा आणि ज्याला आपण लाल देऊळ म्हणतो त्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगचा वास्तुकार. मुंबईचे जुने सचिवालयही त्याचेच. तिथे आज दिवाणी व सत्र न्यायालय भरते. त्याचे पश्चिमेकडचे कमानदार व्हरांडे बघा. तेव्हा समोर समुद्र होता, आणि वारा आत घेऊन ऊन बाहेर ठेवायची युक्ती तिथेही तीच आहे.

लेखात इमारतीचे श्रेय एकट्या गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांना दिल्यासारखे वाटते. पायाभरणी १८६४ मध्ये त्यांच्या हस्ते झाली, हे खरे. पण तो काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. तिकडचा कापूस अडकल्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि इलाख्यात बांधकामांना ऊत आला होता. या कॉलेजच्या खर्चातला मोठा वाटा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचा. आणि संस्था त्याहून जुनी. १८२१ मध्ये ती विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झाली. १८६८ साली ती येरवड्याच्या माळावर आली, म्हणजे आत चौकाकडे तोंड केलेल्या सोप्यांतून बाहेर बागेकडे तोंड केलेल्या व्हरांड्यांत. ऊन-पावसाशी जमवून घेण्याची जुनी सवय मात्र मोडली नाही.

विद्यार्थी असताना टिळक डेक्कन कॉलेजात राहत ती खोली आज जपून ठेवली आहे, ते छानच. टिळक-आगरकरांचा देशकार्याचा खल १८७९ च्या सुमारास याच आवारात चाले, आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. शाळेची सहल आली की मुले त्या खोलीला नमस्कार करतात आणि परत फिरतात. इमारत कशी चालते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता मूळ तक्रार. माझे स्वतःचे जुने कॉलेज (नाव घेत नाही) असेच दगडी, असेच व्हरांड्याचे. काही वर्षांपूर्वी तिथल्या व्हरांड्याच्या कमानी अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद केल्या, कारण कार्यालयाला जागा कमी पडत होती. दर्शनी भाग ‘जसाच्या तसा’ राहिला, असे अभिमानाने सांगण्यात आले. पण व्हरांडा गेला की मागची खोली कोंदट होते, दिवसाही दिवे लागतात, मग वातानुकूलन येते, आणि त्या यंत्रांच्या नळ्यांसाठी दगडाला भोके पडतात.

दुसरा घाव सिमेंटचा. काळा दगड स्वतः फारसे पाणी पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या सांध्यांतून. त्याच दरजा सिमेंटने भरल्या की ओल आत कोंडते आणि आतल्या गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. कंत्राटदार म्हणतो इमारत जुनी झाली, आणि पुन्हा सिमेंट मारतो. घाण्यात मळलेला चुना वापरणारे गवंडी आजही मिळतात. वेळ जास्त लागतो, हे कबूल. व्हरांड्याचा इथेही उपयोग असतो. पावसाची तिरपी झड कमानींपाशीच थांबते आणि मागच्या भिंतीच्या दरजा कोरड्या राहतात.

डेक्कन कॉलेजच्या बाबतीत ही चैनीची गोष्ट नाही. १९३४ मध्ये सरकारने बंद केलेले हे कॉलेज माजी विद्यार्थ्यांनी कोर्टात भांडून १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडायला लावले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी इथे काम केले. संस्कृत शब्दांच्या महाकोशासाठी लिहिलेल्या लाखो हस्तलिखित चिठ्ठ्या याच आवारात आहेत, आणि कागदाला ओलीइतका दुसरा शत्रू नाही.

महापालिकेच्या हेरिटेज विभागाला माझी एकच सूचना आहे. वारसा यादीतल्या शिक्षणसंस्थांना दुरुस्तीची परवानगी देताना ‘दर्शनी भाग बदलू नये’ एवढ्यावर थांबू नये. ‘व्हरांडा बंद करू नये आणि दरजा चुन्यानेच भराव्यात’ हेही स्पष्ट लिहावे.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. त्यात मनोऱ्याचा आणखी एक फोटो छापण्याऐवजी इमारतीचा उभा छेद, म्हणजे ती वरून खाली कापल्यासारखे चित्र, छापावा. भिंत कुठे, कमान कुठे आणि चार वाजताचे ऊन कुठपर्यंत पोचते, हे त्यात वाचकाला एका नजरेत दिसेल. हवा असल्यास मी काढून देतो, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त आरेखक, येरवडा, पुणे