अतीतला उतरलो

प्रिय सुन्या,

सात महिने झाले, ना फोन ना पत्र. मेला की काय हा, म्हणत असशील. मेलो नाही. साखर जरा वाढलीय, गोळी चालू आहे, झालं. फोन करता आला असता, पण फोनवर तू आधी हसतोस आणि मग ऐकतोस. हे आधी ऐक.

सुन्या, मी गाडीत बसलो होतो.

कुठल्या ते सांगायला नको. साहेब काँग्रेस सोडणार होते, प्रवेश मुंबईला. आदल्या रात्री फोन आला, "सकाळी सहाला गाडी येईल, तयार राहा." विचारणं नाही, काही नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी 'ये' म्हटलं की गेलो, तसाच गेलो. पेठ नाका ओलांडला आणि पुढच्या सीटवरून एक पिशवी मागं आली. ज्यानं त्यानं आपलं उपरणं काढून घ्यायचं. कोरं, कडक, इस्त्रीची घडी असलेलं, वर कमळ. माझ्या शेजारी बाळू. त्यानं तिथंच गळ्यात घातलं आणि मोबाईलच्या आरशात बघून नीट केलं. बाळू! ज्यानं तुला 1999 ला भर चौकात गद्दार म्हटलं होतं तोच.

साताऱ्याच्या अलीकडं, अतीत गावाला चहाला गाडी थांबली. मी म्हटलं, पोटात कळ आलीय. खोटं नव्हतं रे पूर्ण. एसटी स्टँडच्या संडासात जाऊन नुसता उभा राहिलो. गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, मग थांबला. बाहेर आलो तर गाडी गेलेली. कराडची एसटी धरली आणि दुपारी घरी.

म्हणजे बघ, गेलोही नाही आणि राहिलोही नाही. स्वाभिमानानं उतरलो म्हणावं तर पोटाचं निमित्त सांगून उतरलो. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात प्रवेश करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव! यादी आधीच टाईप केलेली होती.

साहेब का गेले हे तुला मी काय सांगणार. कारखान्याच्या थकहमीची फाईल. त्यांना शिव्या घालून मोकळं व्हावं असं वाटतं, पण मग आठवतं की आपला पक्ष म्हणजे तरी काय होता? कुणाचा कारखाना, कुणाची बँक, कुणाचं कॉलेज. सत्ता होती तोवर या संस्थांच्या जीपगाड्या पक्षाला ओढत होत्या. सत्ता गेली, तर संस्थेला सत्ता लागतेच, मग गाडी तिकडं वळते. पक्ष असा वेगळा होताच कुठं? आपण दोघांनी सभासद नोंदणीची पावतीपुस्तकं कशी भरली आठवतं ना? तुझ्या माडीवर बसून, मतदारयादी समोर ठेवून. तुझे आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती, तरी क्रियाशील सभासद.

परवा रात्री झोप लागेना म्हणून आकडे मांडत बसलो. 1972 ला 270 पैकी आपले 222 आमदार. 1990 ला 141, बहुमत हुकलं म्हणून तेव्हा केवढा शोक केला होता आपण. त्यानंतर शंभरी एकदाही नाही. 80, 75, 69, 82, मग 42, 44. आणि 2024 ला 101 जागा लढवून 16. त्याच्या आधी सहा महिने लोकसभेला 17 पैकी 13 आले होते, पेढे मीच वाटले होते. थोरात आठ वेळा निवडून आलेल्या संगमनेरला पडले. कराडला पृथ्वीराजबाबा पडले. पटोले तर स्वतः प्रदेशाध्यक्ष, साकोलीतून 208 मतांनी वाचले. लोक मशिनला दोष देतात. असेल, नसेल. पण मला माझं बूथ माहीत आहे, संध्याकाळी पाच वाजता टेबलावर मी एकटा होतो.

आणि अध्यक्ष नेमायचा दिल्लीनं. अशोकराव आले, थोरात आले, मग पटोले. ते विधानसभेचं अध्यक्षपद सोडून आले, आणि ती खुर्ची पुढं सरकार पडेपर्यंत रिकामीच. अशोकराव तर स्वतःच कमळात. आता बुलढाण्याचे सपकाळ. माणूस साधा आहे म्हणतात. घरी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "85 ला दिल्लीनं प्रभा राव यांना बसवलं म्हणून वसंतदादांनी मुख्यमंत्रीपद सोडलं होतं. तेव्हापासून काय बदललं ते सांग."

अण्णांचंच जास्त लागलंय मनाला. 1962 पासून सांगलीची लोकसभा कधी हाताबाहेर गेली नव्हती, 2014 ला गेली. 2019 ला जागा राजू शेट्टींच्या स्वाभिमानीला, दादांचा नातू त्यांच्या बॅट चिन्हावर. 2024 ला आघाडीत जागा ठाकरेंच्या मशालीला, तोच नातू लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष, आणि लाखभर मतांनी निवडून आला. मी कागदोपत्री मशालीचा एजंट, मनानं लिफाफ्याचा, सगळं गावच तसं. अण्णा मतदान करायला आत गेले ते बाहेरच येईनात. मशिनचा आवाज नाही. शेवटी पडद्याआडून विचारतात, "हात कुठाय रे यात?" अख्खं केंद्र हसलं. मीही हसलो.

पेपरातली यादी त्यांनी वाचली. काही बोलले नाहीत. संध्याकाळी जेवताना एवढंच, "उपरणं दिलं असंल की. कुठाय?" पिशवीत आहे म्हटलं. "बरं." पुढं काही नाही. ही म्हणते, कापड चांगलं आहे, लोणच्याच्या बरणीला बांधते. मी ओरडलो तिच्यावर, कारण नसताना.

आता खरी गंमत. काल जिल्हा कमिटीतून फोन. तालुकाध्यक्ष व्हाल का? म्हटलं, अहो, पेपर वाचला नाही का? म्हणाले, वाचला, पण अतीतला उतरलात तेही कळलं. आणि दुसरं कोण उरलंय? नाहीतर या पदासाठी काय काय मारामाऱ्या केल्या लोकांनी! आता मिळतंय ते कुणी नाही म्हणून. घ्यावं की नको? घेतलं तर उद्या बाळूच्या बायकोच्या तोंडावर कसं बघू, तिची पतसंस्थेतली नोकरी साहेबांमुळं. नाही घेतलं तर पोटात कळ आली होती एवढंच खरं ठरतं.

1999 ला तू पवारांच्या घड्याळात गेलास तेव्हा मी तुझ्याशी चार महिने बोललो नाही. दिवाळीच्या आत आपले विलासराव आणि घड्याळाचे भुजबळ एका सरकारात बसले, आणि आपण दोघं एकाच पारावर पाठ फिरवून बसायचो. चूक माझी होती असं मी अजूनही म्हणणार नाही. पण त्या दिवशी स्टँडवर तू आठवलास.

तुझ्या पोरीला पुण्यात नोकरी लागली हे वहिनींच्या स्टेटसवरून कळलं, गधड्या, तू सांगू नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन करून टाक, लांबवू नकोस. कृष्णेला पाणी वाढतंय, आयर्विन पुलावर लोक बघायला उभे असतात रोज.

एक विचारायचं होतं. तेव्हा तू गेलास, तर तुझ्या शर्टाला तो पितळी हाताचा बिल्ला असायचा, त्याचं काय केलंस?

तुझा,
दत्ता

ता. क. परवापर्यंत जिल्हा कमिटीला उत्तर द्यायचं आहे. या वेळी फोन केलास तरी चालेल. हस आधी पाहिजे तर.