ऑस्करला सोबत आणण्याआधी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. तुझा ऑस्कर मासा एकटा पडलाय, कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो, म्हणून त्याच्या सोबतीला एंजल माशांची जोडी आणि डझनभर इवलेसे निऑन टेट्रा आणायचं तू ठरवलंयस. आणू नकोस रे. तोंडात मावेल तो मासा ऑस्करच्या लेखी खाद्यच असतो. निऑन एका रात्रीत संपतील, आणि एंजलचे लांब, नाजूक पर आठवड्याभरात फाटलेले दिसतील.

तो एकटा पडलाय असं तुला वाटतं, मला मात्र त्याचं काहीतरी बिघडलंय असं वाटतं. रंग काळवंडलाय का? खाणं तोंडात घेऊन थुंकतोय का? आधी पाणी तपास. माशाच्या घाणीतून पाण्यात येणारे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. त्यांच्यापासूनच पुढे बनणारं नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या) वर जाऊ देऊ नकोस, 20 च्या आत राहिलं तर फारच छान.

हे एवढ्या कळकळीनं लिहितोय, कारण माझा पहिला ऑस्कर मी माझ्या अज्ञानानं गमावला. बोटाएवढा आणला होता, 2 फुटी टँकमध्ये. ही जात सहज 30 सेंटीमीटरपर्यंत वाढते. त्या टँकमध्ये त्याला पुढे धड वळताही येईना. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसायचं, म्हणून तपासायचं कधी सुचलंच नाही. एक दिवस डोळ्यांच्या वरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. मग ते रुंदावत गेले. याला ‘होल इन द हेड’ म्हणतात. याचं कारण एकच नसतं: आतड्यातले परजीवी, नायट्रेट साचलेलं पाणी आणि निकस खाणं, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. मी त्याला कौतुकानं जिवंत गोल्डफिश घालायचो. त्यांच्यात थायमिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्वाचा नाश करतं, शिवाय त्यांचे रोगही सोबत येतात, हे नंतर कळलं. तेव्हापासून माझ्याकडे मुख्य खाणं चांगल्या पेलेटचं (माशांच्या कोरड्या दाण्यांचं), अधूनमधून कोळंबी. बस.

एकट्या ऑस्करला टँक निदान 4 फूट लांब, दीड फूट रुंद हवा; 300 लिटरच्या आत भागत नाही. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नकोस. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात, क्लोरीननं ते मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घे.

आता सोबतीचं. टँक मोठा असेल आणि पाणी नीट असेल, तरच. सिल्व्हर डॉलर मला सगळ्यात पसंत: थाळीसारखे रुंद, चपळ, पाच-सहांच्या थव्यात बिनधास्त. फक्त आणताना ते तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे आण. सेव्हरमही चालतो. प्लेको कवचाचा आणि रात्री फिरणारा, म्हणून निभावतो, पण साधा प्लेको स्वतःच फूटभर होतो. फ्लॉवरहॉर्नचा विचारही नको, तो एकटाच बरा.

कॉन्व्हिक्टची जोडी ‘लहान आहे’ म्हणून घेशील, तर माझा अनुभव ऐक. मातीच्या कुंडीत त्यांनी अंडी घातली आणि त्या दिवसापासून त्यांच्या तिप्पट लांबीचा माझा दुसरा ऑस्कर पाण्याच्या पृष्ठभागाशी, हीटरमागे दडून राहू लागला. त्याची शेपटी फाटली होती. जोडी वेगळ्या टँकमध्ये हलवली, तेव्हा कुठे तो खायला लागला. त्या जोडीला मी दुष्ट म्हणणार नाही; ती आपली पिल्लं राखत होती, दुसऱ्यांना पळून जाण्याएवढी जागाच मी ठेवली नव्हती.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या एम्बुना माशांना गर्दीत ठेवतात, हे तू म्हणतोस ते खरं आहे. तिथे राग अनेकांत वाटला जातो, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवतात. पण त्यांना क्षारांनी जड, 8 च्या आसपास पीएचचं पाणी आणि शेवाळासारखं हिरवं खाणं लागतं. तो हिशेब ऑस्करच्या टँकला लावू नकोस.

नवा मासा आणलास तर महिनाभर वेगळा ठेव. सोडायच्या दिवशी दगड-लाकडांची जागा बदल, म्हणजे जुन्याची हद्द मोडते. जुन्याला पोटभर खायला घाल, दिवा बंद कर, मग नवा सोड. पहिले काही दिवस मध्ये भोकांची जाळी असली तर आणखी चांगलं. जाळी काढल्यावर घटकाभर समोर बस. एकमेकांना पर फुलवून दाखवणं चालतं. एकच मासा सतत पळतोय, खायलाही येत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी वेगळा कर. एक रिकामा, फिल्टर चालू असलेला टँक हाताशी ठेवच.

आज संध्याकाळी चाचणी कर आणि आकडे कळव, टँकची लांबी-रुंदीही. एंजल आधीच ठरवून बसला असशील तर माझ्याकडे पाठव. माझ्या झाडांच्या टँकमध्ये त्यांना जागा आहे.

तुझा,
अवि