वागळे इस्टेटच्या मिस्त्रीकाकांना, लेव्हलच्या नळीसह

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा सांग आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. चारचौघांनी वाचावं असं उघड्यावरच लिहितेय. नातू तुम्हाला वाचून दाखवेलच.

आमच्या गाळ्यात पहिल्यांदा डोकावलात तेव्हा तुम्ही विचारलंत, "हे काय, चारकोपच्या अमोल यादवांसारखं घरचं विमान? पण त्यांनी गच्चीवर केलं, तुम्ही भाड्याच्या गाळ्यात. पैसे जास्त झालेत?" दादाला राग आला होता, मला हसू.

इंजिन तेव्हा नुकतंच बसवलं होतं: रोटॅक्स 912, 80 हॉर्सपॉवर, 1211 सीसी, हवेत पेट्रोल मिसळणारे दोन बिंग कार्ब्युरेटर. गाळ्यामागे पुढचा सांगाडा साखळीने खांबाला बांधून आम्ही पंख्यासकट ते चालवायचो आणि 4500 आरपीएमच्या पुढे ते अडखळायचं. महिनाभर आम्ही कार्ब्युरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोंडं, बदलत बसलो होतो. तुम्ही काही न बोलता प्लग काढलात. "पांढराफटक पडलाय. पेट्रोल पोचत नाहीये. उपाशी आहे हे."

आणि हवेचं तोंड? ते मी मोठ्या हौसेने केलं होतं. पंख्याच्या वाऱ्यात थेट समोर उघडणारं, वेग वाढला की हवा दाबून आत भरणारं. तुम्ही विचारलंत, याने मिळणार किती? मी हिशेब काढला: ताशी 160 किलोमीटरला वाऱ्याचा सगळा दाब पकडला तरी वातावरणाच्या दाबाच्या सव्वा टक्क्याइतका. "सव्वा टक्क्यासाठी दोन महिने पत्रा ठोकलास?" हे वाक्य दादा अजून जेवताना ऐकवतो. दोन महिने नव्हते, काका. सात आठवडे.

मग तुम्ही शेजारच्या साइटवरच्या गवंड्याकडून ती पारदर्शक लेव्हलची नळी मागून आणलीत. यू आकारात टांगली, अर्धी पाण्याने भरली. एक टोक कार्ब्युरेटरला हवा पुरवणाऱ्या डब्यात, दुसरं फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या, श्वासनळीपाशी, जी मी काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत अशीच लोंबकळत सोडली होती. इंजिन 4500 वर गेलं आणि दोन्हीकडच्या पाण्यात जवळजवळ चार सेंटिमीटरचा फरक पडला. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दाब जास्त, पेट्रोलच्या वाटीवर कमी; मग पेट्रोल वर चढणार कसं? "तोंड आणि वाटी एकाच खोलीतली हवा खायला पाहिजेत," एवढंच म्हणालात. पद्मिनी टॅक्सींवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगायला मॅनोमीटर (दाब मोजायचं उपकरण) हा शब्द लागला नाही.

दोन्ही श्वासनळ्या डब्यात घेतल्या, डबा दुप्पट मोठा केला आणि आतल्या नळ्यांना तुतारीसारखी गोल ओठाची तोंडं केली. 5500 आरपीएमला हे इंजिन मिनिटाला सुमारे 3300 लिटर हवा ओढतं, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या भरून वर थोडी. एवढी हवा धारदार कडेवरून वळताना घुटमळते, हे तुम्ही बोटाने दाखवलंत.

खरी चूक मात्र तुम्ही जुलैत पकडलीत. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा द्यायची सोय मी वगळली होती. ठाण्यात कसला बर्फ? तुम्ही सांगितलंत, पावसाळ्यात पहाटे उभ्या टॅक्सीचं इंजिन चालू ठेवलं की कार्ब्युरेटरला बाहेरून घाम सुटायचा. पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान वीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. आपल्या खाडीच्या हवेत पाण्याला तोटा नाही, म्हणजे बाहेर 27 अंश असतानाही आत बर्फ धरू शकतो, तोही थ्रॉटल कमी करून उतरताना. टॅक्सी कडेला लावता येते. त्याच आठवड्यात सायलेन्सरभोवती पत्र्याचं आवरण चढलं आणि डब्यात गरम हवेची झडप बसली.

झडपेच्या बिजागरीला मी नट-बोल्ट लावले होते. "हा सुटला तर कुठे जाईल?" तुम्ही विचारलंत. थेट इंजिनात. आता तिथे रिव्हेट आहेत. डब्याच्या तळाला पाणी-पेट्रोल गळून जायला भोकही आहे, तेही तुम्हीच पाडायला लावलंत.

परवा पूर्ण थ्रॉटलवर दहा मिनिटं चालवलं, एकदाही अडखळलं नाही. झडप ओढली तसा आरपीएम खाली आला, सोडली तसा परत वर. प्लग काढला तर विटकरी. उडायला अजून डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, कागद आहेत, ती वेगळी रामकहाणी.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. घेतलंत ते माझं जुनं, पुढे उघडणारं तोंड, आणि आता त्यात नट-बोल्टचे पाने ठेवता म्हणे. ठेवा, निदान काही तरी भरलं त्यात.

लेव्हलची नळी अजून आमच्याकडेच आहे. गवंडी दोनदा विचारून गेला. शनिवारी घेऊन येते, चहा मी सांगेन.

तुमची,
गाळ्यातली पोरगी